नोंदवहीबाहेरचा पारा : नाशिक परिसरातील हवा व पर्जन्य यांतील पारा-प्रदूषणाच्या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा (१९७०–२०२०)

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यात हिवाळा सुरू झाला की 'निफाडचा पारा घसरला' अशा मथळ्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून वारंवार प्रसिद्ध होतात. द्राक्षबागायतदार त्या काळजीने वाचतात, कारण कडाक्याच्या थंडीत मण्यांची वाढ खुंटते व मणी तडकतात. या बातम्यांत 'पारा' हा शब्द तापमान या अर्थाने येतो. ज्या धातूमुळे मराठी भाषेत हा अर्थ रूढ झाला, त्या धातूचे निफाडच्या हवेत किंवा पावसात प्रमाण किती, हा प्रश्न मात्र हवामानाच्या व प्रदूषणाच्या नियमित नोंदींमध्ये कधी विचारला गेला नाही.

नाशिकरोडच्या पूर्वेस, गोदावरीच्या काठावरील एकलहरे येथे १९७० सालापासून कोळशावर वीजनिर्मिती होत आहे. कोळशात अत्यल्प प्रमाणात पारा असतो व जाळल्यावर त्याचा मोठा भाग धुरावाटे वातावरणात जातो, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. असे असूनही गेल्या पन्नास वर्षांत प्रदूषणविषयक जे कायदे झाले, जी मानके ठरली आणि जी मापनकेंद्रे उभी राहिली, त्यांच्या याद्यांमधून नाशिकच्या हवेतील व पावसातील पारा प्रत्येक वेळी वगळला गेला. तो का वगळला गेला, याचा कालक्रमाने शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. एकलहरे येथील केंद्रामुळे अमुक इतकी हानी झाली, असे प्रतिपादन येथे करावयाचे नाही. नोंदीचा अभाव हा प्रदूषणाच्या अभावाचा पुरावा मानला जाऊ नये व तो अभाव कसा निर्माण झाला हे समजून घ्यावे, एवढीच या विवेचनाची मर्यादा आहे.

कोळशातील पारा पावसात येतो कसा

ऐतिहासिक विवेचनापूर्वी या प्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पारा हा सामान्य तापमानास द्रवरूप असणारा एकमेव धातू असून तो सुमारे ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. औष्णिक केंद्राच्या भट्टीतील तापमान याहून कितीतरी अधिक असल्यामुळे कोळशातील जवळजवळ सर्व पारा वायुरूप होतो. धूर थंड होत असताना या पाऱ्याचे तीन भाग पडतात. काही पारा मूलद्रव्याच्या वाफेच्या रूपात राहतो. काहींचा क्लोरीनसारख्या हॅलोजन मूलद्रव्यांशी संयोग होऊन पाण्यात विरघळणारी संयुगे बनतात, तर उरलेला राखेच्या कणांना चिकटतो.

या तिन्हींचे पुढील भवितव्य भिन्न असते. राखेला चिकटलेला पारा धूळ पकडणाऱ्या विद्युत यंत्रणेत, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटरमध्ये, बऱ्याच अंशी अडकतो. विद्राव्य संयुगे चिमणीतून बाहेर पडल्यावर काही दिवसांत पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर जवळच्या प्रदेशात उतरतात. मूलद्रव्यरूपी वाफ मात्र काही महिने ते सुमारे एक वर्ष हवेत राहते व जगभर फिरते. म्हणून नाशिकच्या पावसात जो पारा असेल, त्याचा काही भाग स्थानिक व काही भाग दूरदेशीचा असणार, हे उघड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ सालच्या जागतिक मूल्यमापनानुसार २०१५ साली मानवी व्यवहारांतून हवेत सोडला गेलेला पारा सुमारे २,२२० टन होता. त्यात लहान प्रमाणावरील सोन्याच्या खाणकामाचा वाटा सुमारे ३८ टक्के व भट्ट्या-बॉयलरांत जाळल्या जाणाऱ्या कोळशाचा सुमारे २१ टक्के होता.

एकलहऱ्याच्या संदर्भात या आकड्यांचा अर्थ एका निदर्शक हिशेबाने स्पष्ट होईल. ६३० मेगावॉट क्षमता पूर्ण भाराने चालली आणि प्रत्येक युनिट विजेस ०.७ किलो कोळसा लागला, असे धरल्यास दिवसाला सुमारे साडेदहा हजार टन कोळसा जळतो. त्या कोळशात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम पारा आहे असे गृहीत धरले, तर भट्टीत दररोज सुमारे एक किलो पारा जातो. हा हिशेब मोजमाप नव्हे. केंद्र नेहमी पूर्ण भाराने चालत नाही, कोळशातील पाऱ्याचे प्रमाण खाणीगणिक बदलते आणि काही पारा राखेत राहतो. तथापि प्रश्न ग्रॅमचा नसून वर्षाकाठी काही क्विंटलांपर्यंत जाऊ शकेल अशा परिमाणाचा आहे, हे त्यावरून लक्षात येते.

एकलहरे केंद्राची उभारणी : धुराविषयीच्या कायद्यापूर्वीचा काळ

महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली व त्याच वर्षी राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. पुढील दशकात नाशिकचे स्वरूप झपाट्याने बदलले. सातपूर येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९६४ साली ओझर येथे विमाननिर्मितीचा कारखाना आला आणि विहिरींवरील विजेच्या पंपांमुळे शेतीचीही विजेची मागणी वाढू लागली. विदर्भातील कोळसा रेल्वेने आणून गोदावरीच्या पाण्यावर वीज निर्माण करण्याची एकलहरे येथील योजना या विकासक्रमाचा स्वाभाविक भाग होती. प्रत्येकी १४० मेगावॉटचे पहिले दोन संच १९७० व १९७१ साली सुरू झाले. त्यानंतर प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच १९७९, १९८० व १९८१ या वर्षी कार्यान्वित झाले. पहिले दोन संच पुढे निवृत्त करण्यात आले व केंद्राची क्षमता ६३० मेगावॉट राहिली. २००५ साली विद्युत मंडळाचे विभाजन झाल्यावर केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले.

या तारखा कायद्यांच्या तारखांशी ताडून पाहिल्या असता एक महत्त्वाची गोष्ट दिसून येते. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ साली केला व त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रणासाठी मंडळ स्थापन झाले. म्हणजे एकलहऱ्याचा पहिला संच आणि राज्याचे मंडळ ही दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये होत. परंतु त्या मंडळाच्या अखत्यारीत त्या वेळी पाणी होते, हवा नव्हती. हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा केंद्र शासनाने १९८१ साली केला व तो १६ मे १९८१ रोजी अमलात आला. तोपर्यंत एकलहऱ्याचे पाचही संच उभे राहून चालू झालेले होते. केंद्राची जागा, चिमण्यांची उंची व भट्ट्यांची रचना हे सर्व निर्णय हवेविषयीचा कायदा येण्यापूर्वी घेतले गेले होते.

त्यापूर्वी धुराकडे पाहण्याची जी दृष्टी होती, तिचे मूळ वसाहतकालीन कायद्यात सापडते. मुंबईसाठी १९१२ साली केलेल्या धूर-उपद्रव कायद्यात धूर हा डोळ्यांना दिसणारा, कपडे व भिंती काळ्या करणारा उपद्रव मानला गेला होता. स्वतंत्र भारतातही औष्णिक केंद्रांविषयीची पहिली चिंता राख व काजळी यांचीच होती. एकलहरे परिसरातील शेतकऱ्याला पिकावर बसणारी राख दिसत होती, म्हणून तिच्याविषयी तक्रार करता येत होती. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही व तिचा परिणाम तत्काळ होत नाही. तक्रारीतून उभा राहणारा कायदा अशा द्रव्यापर्यंत सहजासहजी पोहोचत नाही.

मिनामाता ते ठाणे खाडी : पारा हा पाण्याचा प्रश्न ठरला

पारा त्या काळी अज्ञात होता, असे मात्र नव्हे. जपानमधील मिनामाता या किनारी गावात मज्जासंस्थेच्या विचित्र विकाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या सांडपाण्यातील मिथिल पारा माशांत साठून माणसांपर्यंत पोहोचला होता. जपान शासनाने हे कारण १९६८ साली अधिकृतपणे मान्य केले. १९६९ साली स्वीडनमधील जेन्सन व यर्नेलोव्ह या शास्त्रज्ञांनी पाण्याच्या तळगाळातील सूक्ष्मजीव असेंद्रिय पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, हे दाखवून दिले. या शोधाचे महत्त्व फार मोठे होते. कारखान्यातून मिथिल पारा थेट सोडला गेला नाही तरी, कोणत्याही मार्गाने पाण्यात आलेल्या साध्या पाऱ्यापासून तो तयार होऊ शकतो, असा त्याचा अर्थ होता. हवेतून पावसाबरोबर येणारा पाराही त्यात आला.

महाराष्ट्रात या जागतिक जाणिवेचा परिणाम प्रथम मुंबई-ठाणे पट्ट्यात दिसला. तेथे पाऱ्याच्या विद्युतघटांचा वापर करून कॉस्टिक सोडा व क्लोरीन तयार करणारे कारखाने होते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील झिंगडे व देसाई यांचा ठाणे खाडीतील पाऱ्याविषयीचा शोधनिबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. पुढे या उद्योगाने पाऱ्याचे विद्युतघट टप्प्याटप्प्याने काढून पटलावर आधारित तंत्र स्वीकारले. शेतीतही असेच घडले. उसाचे बेणे व बियाणे बुरशीपासून वाचविण्यासाठी पारायुक्त औषधे अनेक वर्षे वापरली गेली. २००१ साली अशा एका प्रमुख औषधाचा वापर केवळ बटाटा व ऊस यांच्या बेणेप्रक्रियेपुरता मर्यादित करण्यात आला.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. पारा ही मुद्दाम विकत घेतलेली वस्तू होती. कारखानदाराच्या हिशेबवहीत तिची खरेदी होती, शेतकऱ्याच्या डब्यावर तिचे नाव होते. किती आणला, किती उरला, हे विचारता येत होते. कोडाईकनाल येथील तापमापकांच्या कारखान्याचे प्रकरण २००१ साली उघडकीस आले, तेव्हाही हीच स्थिती होती. कोळशातील पारा कोणी विकत घेतलेला नसतो. तो कोळशाबरोबर अनाहूतपणे येतो आणि कोळशाच्या वजनात व राखेच्या टक्केवारीत त्याची गणना होत नाही. त्यामुळे ज्या दोन दशकांत पाऱ्याविषयी महाराष्ट्रात खरी जागृती झाली, त्याच दोन दशकांत ती एकलहऱ्याच्या चिमणीपर्यंत पोहोचली नाही.

मानकांच्या याद्या

हवा कायद्यानंतर औष्णिक केंद्रांसाठी जी मानके ठरली, त्यांत २१० मेगावॉट व त्याहून अधिक क्षमतेच्या संचांसाठी धुरातील धूलिकणांची मर्यादा प्रति प्रसामान्य घनमीटर १५० मिलिग्रॅम अशी होती. सल्फर डायऑक्साइडसाठी उत्सर्जनाची मर्यादा न घालता चिमणीची किमान उंची ठरविण्यात आली. उंच चिमणीमुळे वायू दूरवर पसरून विरळ होतो, हे त्यामागील तत्त्व होते. एखाद्या गावातील वायूचे तात्कालिक प्रमाण कमी करण्यास हा उपाय उपयोगी पडतो. परंतु पारा नष्ट होत नाही, तो साठत जातो. विरळ होऊन दूर पडलेला पाराही शेवटी कोणत्या तरी तळ्याच्या गाळात जमा होतो. म्हणून उंच चिमणीचे तत्त्व पाऱ्याला लागू पडत नाही.

१४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांच्या ५० किलोमीटर परिसरातील मातीच्या विटांमध्ये किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. राखेचे ढीग कमी व्हावेत व सुपीक माती वाचावी, हा तिचा हेतू स्तुत्य होता. मात्र राखेत अडकलेला पारा वीटभट्टीच्या उष्णतेत पुन्हा वायुरूप होऊ शकतो, याचा विचार त्या वेळी झाला नाही. न भाजता केवळ चुना किंवा सिमेंट वापरून केलेल्या राखेच्या विटांना हा आक्षेप लागू नाही. धुरापासून वाचविलेला पारा दुसऱ्या मार्गाने हवेत जाण्याची वाट कायद्यानेच कशी मोकळी होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

१८ नोव्हेंबर २००९ रोजी सभोवतालच्या हवेची सुधारित राष्ट्रीय मानके जाहीर झाली. त्यांत १२ प्रदूषकांचा समावेश आहे. शिसे, आर्सेनिक व निकेल ही तीन धातुद्रव्ये त्यांत आहेत, पारा नाही. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. मानके न गाठणाऱ्या शहरांत नाशिकचा समावेश झाला, पण या कार्यक्रमाचे उद्दिष्ट धूलिकणांच्या प्रमाणावर आधारलेले आहे. यामुळे नाशिकच्या हवेचा विचार वाढला हे खरे असले, तरी त्या विचारात पाऱ्याला स्थान मिळाले नाही.

कोळशाच्या धुरातील पाऱ्याला मर्यादा घालणारे पहिले मानक केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत आले. ही मर्यादा प्रति प्रसामान्य घनमीटर ०.०३ मिलिग्रॅम इतकी आहे. मात्र ३१ डिसेंबर २००३ पूर्वी उभारलेल्या संचांपैकी केवळ ५०० मेगावॉट व त्याहून मोठ्या संचांनाच ती लागू करण्यात आली. एकलहऱ्याचे संच प्रत्येकी २१० मेगावॉटचे व १९८१ पर्यंत उभारलेले असल्याने ते या तरतुदीबाहेर राहिले. याच जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात खासगी क्षेत्राने प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच संच नंतरच्या काळात उभारले. त्यांना ही मर्यादा लागू होते, पण वीजखरेदी कराराअभावी ते अनेक वर्षे बंदच राहिले. अशा रीतीने नाशिक जिल्ह्यात ज्या चिमण्यांना पाऱ्याची मर्यादा होती त्यांतून धूर निघत नव्हता, आणि ज्यांतून धूर निघत होता त्यांना मर्यादा नव्हती.

ही मर्यादा फार कडक आहे, असेही म्हणता येत नाही. एक किलो कोळसा जळून सुमारे ६ घनमीटर धूर होतो असे धरले आणि त्या कोळशात ०.१५ मिलिग्रॅम पारा असून त्यातील काहीच अडविला गेला नाही असे मानले, तरी धुरातील प्रमाण ०.०२५ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या आतच येते. जुन्या लहान संचांना वगळण्यामागे खर्चाचा व उरलेल्या आयुष्याचा विचार असावा, हे समजण्यासारखे आहे. परंतु मर्यादा लागू नसणे म्हणजे मोजमापाची गरज नसणे, असा त्याचा अर्थ होऊ नये.

पावसाच्या नोंदी

नाशिक जिल्ह्यात पाऊस मोजण्याची परंपरा जुनी आहे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पर्जन्यमानाचे तपशील आहेत. इगतपुरीत सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक, नाशिक शहरात सुमारे सातशे व पूर्वेकडे निफाडात त्याहूनही कमी, असे पावसाचे उतरते प्रमाण या नोंदींमुळेच सर्वांना परिचित आहे. दुष्काळ, पीकपाणी व धरणांचे नियोजन यांसाठी पावसाची उंची पुरेशी होती. पावसात काय आहे, हा प्रश्न शासनाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पडला नाही.

१९७० च्या दशकात भारतीय हवामान खात्याने पावसाच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण करणाऱ्या दहा केंद्रांचे जाळे उभारले. महाराष्ट्रात त्यांपैकी पुणे व नागपूर ही दोन केंद्रे होती. या केंद्रांवर पावसाची आम्लता व सल्फेट, नायट्रेट, क्लोराइड, कॅल्शियम यांसारखे घटक तपासले जात. त्या काळी युरोप व अमेरिकेत आम्लपर्जन्याचा प्रश्न गाजत होता, त्याचे प्रतिबिंब या यादीत पडले. भारतीय शास्त्रज्ञांच्या अभ्यासांतून असे दिसले की येथील मातीची क्षारधर्मी धूळ पावसातील आम्लाचे बऱ्याच प्रमाणात उदासिनीकरण करते. हा निष्कर्ष दिलासा देणारा होता. परंतु जी धूळ आम्लाचा परिणाम शमविते, ती पाऱ्याला निष्प्रभ करीत नाही. आम्लपर्जन्याविषयी मिळालेल्या दिलाशामुळे पावसाच्या रसायनाचा प्रश्नच मागे पडला.

अमेरिकेत पावसातील पाऱ्याचे नियमित मापन करणारे जाळे १९९६ साली सुरू झाले. युरोपीय संघाच्या साहाय्याने २०१० नंतर राबविलेल्या जागतिक पारा निरीक्षण प्रकल्पात भारतातील कोडाईकनाल हे ठिकाण होते. अशा मापनाला विशेष स्वच्छता व सूक्ष्मता लागते, कारण पावसातील पारा लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशांत, मोजावा लागतो. नाशिकमध्ये १९७० किंवा १९८० साली हे मापन झाले नाही, यात कोणाचा दोष काढता येणार नाही. तंत्र उपलब्ध झाल्यानंतरही ते का झाले नाही, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

नांदूर मध्यमेश्वर : प्रश्नाचे स्थानिक स्वरूप

एकलहरे हे नाशिक शहराच्या पूर्वेस आहे. पावसाळ्यात वारे पश्चिम-नैर्ऋत्येकडून वाहतात, त्यामुळे या काळात धुराचा प्रवाह सामान्यतः शहराकडे न येता निफाड तालुक्याच्या दिशेने जातो. गंगापूर धरण शहराच्या पश्चिमेस असल्याने नाशिकच्या पिण्याच्या पाण्याचा प्रमुख साठा पावसाळी धुराच्या वाटेत येत नाही. नाशिक शहरात हा प्रश्न फारसा न उमटण्याचे हे एक भौगोलिक कारण मानता येईल. हिवाळ्यात वाऱ्याची दिशा बदलते व धूर जमिनीलगत राहतो, पण तेव्हा पाऊस नसतो.

निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. नद्यांनी आणलेल्या गाळामुळे तेथे उथळ पाणी, दलदल व पाणवनस्पती यांचा विस्तीर्ण प्रदेश तयार झाला. १९८६ साली तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतील महाराष्ट्राचे पहिले पाणथळ क्षेत्र म्हणून त्याची घोषणा झाली. पक्षी व मासे यांना पोषक ठरलेली हीच परिस्थिती मिथिल पारा तयार होण्यासही अनुकूल असते. कुजणाऱ्या वनस्पती, प्राणवायू कमी असलेला गाळ व त्यातील सूक्ष्मजीव या तिन्ही गोष्टी अशा दलदलीत एकत्र येतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पावसाच्या पाण्यातील पारा पिण्याच्या दृष्टीने सहसा धोकादायक नसतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे १,००० नॅनोग्रॅम पारा चालतो. पावसात हे प्रमाण बहुधा त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असते. धोका अन्नसाखळीत आहे. शेवाळापासून लहान मासा, लहान माशापासून मोठा मासा व त्यापासून पक्षी किंवा मनुष्य, अशा प्रत्येक पायरीवर मिथिल पारा अधिक केंद्रित होतो आणि पाण्यातील प्रमाणाच्या लक्षावधी पट होऊ शकतो. गर्भातील बालकाच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा सर्वाधिक परिणाम होतो. म्हणून हा प्रश्न प्रथम बंधाऱ्याच्या काठावरील चापडगाव, खाणगाव थडी, मांजरगाव यांसारख्या गावांतील, मासेमारीवर जगणाऱ्या व रोजच्या जेवणात तेथील मासा खाणाऱ्या कुटुंबांचा आहे. गोदावरीच्या प्रदूषणाविषयी नाशिकमध्ये मोठे लोकजागरण झाले, २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्या चर्चेच्या केंद्रस्थानी सांडपाणी, पानवेली व कुंभमेळ्यातील स्नान हे विषय होते. नदीचे पावित्र्य ज्यांना रामकुंडावर जाणवते आणि नदीतील मासा ज्यांच्या ताटात येतो, ते समाज एक नाहीत.

गाळ : एक ऐतिहासिक साधन

कागदपत्रे नसली की इतिहासाचा अभ्यासक नाणी, ताम्रपट व उत्खननातील थर यांकडे वळतो. पाऱ्याच्या इतिहासासाठी असे साधन नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे साठलेले आहे. तेथील गाळ एका शतकाहून अधिक काळ थरावर थर बसत आला आहे. नळीच्या साहाय्याने गाळाचा उभा नमुना काढून शिसे-२१० व सीझियम-१३७ या किरणोत्सारी समस्थानिकांच्या आधारे थरांचा काळ ठरविता येतो. १९७० पूर्वीचे थर व नंतरचे थर यांतील पाऱ्याची तुलना केली, तर जी नोंद कोणी ठेवली नाही ती काही अंशी मिळू शकेल. अर्थात १९६९, २००८, २०१६ व २०१९ च्या महापुरांनी काही ठिकाणचे थर विस्कटले असण्याचा संभव असल्याने प्रवाहापासून दूरच्या, शांत जागा निवडाव्या लागतील. गाळातील पारा पावसातून आला की शहराच्या सांडपाण्यातून, हे ठरविण्यासाठी एकलहऱ्याच्या वरच्या बाजूच्या जलाशयातील गाळाशी, उदाहरणार्थ गंगापूर धरणातील गाळाशी, तुलना करणेही आवश्यक ठरेल.

त्याचबरोबर पुढील काळासाठी तीन मोजमापे सुचवता येतात. एकलहऱ्यास येणाऱ्या कोळशातील व तेथील राखेतील पारा खाणीनिहाय तपासला जावा. पावसाळ्यात वाऱ्याच्या वरच्या बाजूस त्र्यंबक व खालच्या बाजूस निफाड येथे पावसातील पारा मोजला जावा, म्हणजे दूरदेशीचा व स्थानिक पारा वेगळा करता येईल. नांदूर मध्यमेश्वरच्या माशांतील पारा, देशात माशांसाठी असलेल्या किलोमागे ०.५ मिलिग्रॅम या मर्यादेशी ताडून पाहिला जावा. ही कामे एखाद्या महाविद्यालयाच्या रसायन, प्राणिशास्त्र, भूगोल व इतिहास या विभागांनी मोठ्या प्रयोगशाळेच्या साहाय्याने मिळून करण्याजोगी आहेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की नाशिकच्या हवेतील व पावसातील पारा कोणी हेतुपुरस्सर लपविला नाही. १९७० साली मंडळाची दृष्टी पाण्यावर होती, १९८१ नंतर ती धुळीवर गेली. पावसाकडे पाहिले गेले ते आम्लासाठी, पाऱ्याकडे पाहिले गेले ते कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी, आणि २०१५ साली चिमणीतील पाऱ्याला प्रथमच मर्यादा आली तेव्हा जुने लहान संच वगळले गेले. प्रत्येक यादीस तिच्या काळाचे कारण होते. मात्र या सर्व कारणांची बेरीज होऊन एका जिल्ह्याचा पन्नास वर्षांचा प्रश्न नोंदवहीबाहेर राहिला.

पाऱ्याविषयीचा मिनामाता करार ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानमध्ये स्वीकारण्यात आला. भारताने त्यावर ३० सप्टेंबर २०१४ रोजी स्वाक्षरी केली व १८ जून २०१८ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. कोळशावरील वीजकेंद्रांसारख्या विद्यमान स्रोतांबाबत करार लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत उपाययोजना करावी, असे त्यात म्हटले आहे. भारतासाठी ही मुदत २०२८ साली पूर्ण होते. करारात संचाच्या मेगावॉटची अट नाही, स्रोताच्या प्रकाराचा व उत्सर्जनाचा विचार आहे. एकलहऱ्याचे जुने संच त्या सुमारास चालू राहोत वा त्यांची जागा नवे संच घेवोत, अर्धशतकात जो पारा जमिनीवर व पाण्यात उतरला असेल तो नांदूर मध्यमेश्वरच्या गाळात राहणारच आहे. तो मोजला गेल्यावर भीती निराधार होती असे निष्पन्न झाले, तर काठावरच्या मच्छिमारास निर्धास्तपणे मासा खाता व विकता येईल. तसे निष्पन्न झाले नाही, तर कोणता मासा टाळावा व गर्भवती स्त्रीने काय जपावे, हे तरी त्यास सांगता येईल. यांपैकी कोणतेही उत्तर देण्यासाठी आज आवश्यक असलेली नोंद सुरू करणे, हीच या इतिहासातून निघणारी पहिली गरज होय.